काल रात्री घरात झोपलेली माणसं

होदान अब्दीला यात काय मिळणार, याचा हिशोब मी तिच्या दारात चपला काढता काढताच उरकला होता.

आतल्या पलंगावर सोसायटीच्या वॉचमनची बायको, जौकला, पडली होती; तिला मी गेटवर येता-जाता पाहिलेलं होतं. कुशीत पाच दिवसांचं बाळ. पायथ्याशी शेगडीवर लोबान धुमसत होता आणि सहा फूट उंच होदान गुडघे दुमडून तिला चमच्याने ज्वारीची पेज भरवत होती. सोमालियातून आलेली भाडेकरू बाई नेपाळी वॉचमनच्या बायकोचं बाळंतपण काढते, म्हणजे कुठेतरी देवाणघेवाण असणार. ती मला लगेच सापडली. होदान खानावळ चालवायची. पुण्यात शिकायला आलेली वीस-बावीस सोमाली मुलं रोज दुपारी एकच्या सुमाराला तिच्याकडे भात-मटण जेवून जायची. सोसायटीत धंद्याला बंदी. आणि गेटवरच्या वहीत आल्यागेल्याचं नाव लिहायचं काम वॉचमनचं. बायको वर पेज पीत असली, तर खाली वही कोरी राहणार. सौदा स्वस्त होता. मला होदानचं कौतुकच वाटलं.

"उभ्या उभ्या मोजू नको, ताई," ती म्हणाली. "बसून मोज. चहा टाकलाय."

तिची हिंदी कोंढव्याच्या भाजीवाल्यांकडून आलेली, त्यामुळे तीत निम्मी मराठी असायची. मी इथे सगळीच मराठी करून लिहिते आहे.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमच्या संस्थेतल्या डॉ. आठल्ये सरांना पुण्यातल्या सोमाली आणि नेपाळी माणसांच्या परिस्थितीची तुलना करायची होती. सरांना परदेशातल्या परिषदेत निबंध वाचायचा होता आणि मला भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे एकशे दहा रुपये मिळणार होते. ज्ञानासाठी दोघंही झटत होतो म्हणायला हरकत नाही.

अडीचशे फॉर्म भरून होईतो तुलना माझ्या डोक्यात बसली होती. सोमाली माणूस दोन खोल्यांना आपल्या दीडपट भाडं देतो, कारण त्याला दुसरं कोणी जागा देत नाही. नेपाळी माणूस भाडंच देत नाही, कारण तो जिन्याखाली राहतो. सोमाली माणसाला परदेशातला भाऊ पैसे पाठवतो, नेपाळी माणूस इथून गावी पाठवतो. नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, त्याला कोणी कागद विचारत नाही. खरं तर नावही विचारत नाही, सगळ्यांना बहादूर म्हणून हाक मारली की भागतं. सोमाली माणसाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव दरवर्षी पोलिसांच्या नोंदणी कार्यालयात नव्याने लिहून घेतात, आणि त्यातलं एकही कोणाच्या लक्षात राहत नाही.

"मग दोघांत बरं कोणाचं?" सर विचारायचे.

"सगळे रकाने भरू देत, सर, मग सांगते," मी म्हणायचे.

त्या सोसायटीत शिरायला परवानगी दिली होती सेक्रेटरी उकिडवे काकांनी. त्यांची एकच अट होती. आमच्या इमारतीत परकी माणसं किती आणि कोण, ते आम्हालाही कळू द्या. फॉर्मची एक झेरॉक्स ऑफिसात द्या. फॉर्म गुप्त ठेवायचे हा संस्थेचा नियम मला पाठ होता. पण परवानगी नाही तर फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर पैसे नाहीत. मी हो म्हणाले.

होदानच्या दिवाणखान्यात बसून मी पहिला प्रश्न वाचला. "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

पाहुणा असो की मालक, रात्री जिथे पाठ टेकली तिथे माणूस मोजायचा, असा आमचा नियम होता. त्यावर माझी फार श्रद्धा. त्या नियमाने माणूस दोनदा मोजला जात नाही आणि सुटतही नाही.

"मी," होदान म्हणाली. "इफ्राह, अकरा वर्षं. यासिन, सात. जौकला. आणि हे." तिने चमचा बाळाकडे केला.

"माझं नको, दिदी," पलंगावरून जौकला म्हणाली. "मी इथे नाही."

"मग कुठे आहेस?"

"पंपाच्या खोलीत."

मला वाटलं, तापात बरळते आहे. पण ती शुद्धीवर होती आणि सावकाश, समजूत घातल्यासारखी बोलत होती. पश्चिम नेपाळात, बझांगकडच्या तिच्या गावात बाळंतीण अकरा दिवस घरात राहत नाही. घरात देव असतो, म्हणून ती गोठ्याशेजारच्या खोपीत राहते. पुण्यात ना गोठा ना खोप. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत ट्रंकेवर देव मांडलेले. म्हणून नवऱ्याने, पदम बोहराने, पाण्याच्या पंपाची खोली धुऊन काढली, पोती अंथरली आणि तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून तिला थेट तिथे आणलं.

"त्याने घातलं तुला तिथे?"

"नाही. मीच म्हणाले. घरात बसले आणि गावी सासूला काही झालं, तर माझ्या माथी येईल ना. एवढंच की मोटार चालू झाली की बाळ दचकतं."

मी होदानकडे बघितलं.

"कपडे वाळत घालायला खाली गेले होते," ती म्हणाली. "मोटार बंद झाली आणि आतून बारीक आवाज. बघते तर ही तापाने फणफणलेली, पोती ओली. नको नको करत होती. म्हटलं, तू नको म्हण, मी उचलते. कोंबडीएवढं वजन हिचं."

"पदमला माहीत आहे?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"तो जेवणाचा डबा पंपाच्या खोलीच्या दाराशी ठेवतो," होदान म्हणाली. "संध्याकाळी रिकामा घेऊन जातो. धुतलेला. आता पंप काही डबे धूत नाही, हे त्याला कळत असेलच. तो विचारत नाही, मी सांगत नाही."

मी गठ्ठ्यातलं मागचं पान उलटून बघितलं. तासाभरापूर्वीच मी खाली पदमचा फॉर्म भरला होता. बायको कुठे आहे, म्हणून विचारल्यावर तो म्हणाला होता, हडपसरला, बहिणीकडे. मी तसं लिहिलंही होतं.

"आमच्यात चाळीस दिवस बाई उंबरठा ओलांडत नाही," होदान शेगडीवर आणखी लोबान टाकत म्हणाली. "शेजारच्या, नात्यातल्या बायका येतात, भरवतात, धुरी देतात, गाणी म्हणतात."

"इथे कुठल्या आल्या तेवढ्या बायका?"

"मी आहे की. मी बरीच आहे."

जौकलाला हसताना टाका दुखला. मला माझी आई आठवली. आमच्याकडेही दहा दिवस सोयर पाळायचं आणि सव्वा महिना शेक-शेगडी करायची. म्हणजे या दोघींच्या दोन्ही रीती आमच्या एकाच घरात नांदत होत्या. हे नोंदवायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

"नाव लिहू नको, दिदी," जौकला पुन्हा म्हणाली. "आमच्या गावचे बारा-पंधरा जण आहेत कोंढव्यात. दाजूनेच याला नोकरी लावली." दाजू म्हणजे पदमचा थोरला चुलतभाऊ, पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन. "बाळंतीण असून मी दुसऱ्यांच्या घरात शिरले, त्यांचं खाल्लं, हे कळलं तर तो आम्हाला उभं करणार नाही."

"कळतंय कोणाला? फॉर्म संस्थेच्या कपाटात जातो. कुलूप लागतं."

कुलूप लागतं हे खरंच होतं. त्याआधी फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात जातो, हे मी सांगितलं नाही. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: जौकला बोहरा, वय तेवीस, नातं नाही. बाळ, पुरुष, वय पाच दिवस, नाव नाही, नातं नाही.

मी निघाले तेव्हा होदान दारापर्यंत आली. "ताई, उकिडवेंशी तुझं बोलणं आहे. वीस तारखेच्या आत मला सोसायटीचं पत्र हवं, मी इथेच राहते म्हणून. त्याशिवाय नोंदणी पुढे होत नाही. आणि नोंदणी नाही तर कॅनडाची फाईल थांबते. बहिणीकडे जायची. चार वर्षं झाली त्या फाईलला, आता वर आली आहे."

तिच्याजवळ निर्वासितांचं कार्ड होतं, पण नुसत्या कार्डावर घर मिळत नाही आणि घराशिवाय कागद मिळत नाही. ते सगळं एका पत्राला टांगलेलं होतं. मी म्हणाले, सांगते. जिना उतरताना मनात आलं, इतकं पणाला लागलेलं असताना ही बाई नसती जोखीम घेते, तर वही कोरी राहण्याचा फायदा चांगलाच असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी उकिडवे काकांना झेरॉक्स दिल्या आणि पत्राचंही बोलले. ते खुशीत होते. "बघू की. आधी हे वाचतो," म्हणाले.

सोमवारी अकराला सरांचा फोन आला. "त्या सोसायटीत पोलीस आलेत. आपल्या फॉर्मवरून. जा आणि संस्थेचं नाव कुठे येऊ देऊ नकोस."

सोसायटीचं ऑफिस म्हणजे पार्किंगमधली एक पत्र्याची खोली. तिच्याबाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. एक हवालदार, एक महिला शिपाई, उकिडवे. एका खुर्चीवर बाळ घेऊन जौकला. तिच्यामागे होदान उभी, हाताला अजून पीठ. समोर पदम, गणवेशाची टोपी हातात धरलेला, आणि त्याच्या खांद्यामागे दाजू. इमारतीतली आठ-दहा माणसं कठड्यांवरून वाकून बघत होती.

उकिडव्यांनी माझ्या अक्षरातली दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती.

"खालचा म्हणतो, बायको-मूल हडपसरला. वरची म्हणते, माझ्याकडे. मूल पाच दिवसांचं, नाव नाही, नातं नाही. आता हवालदारसाहेब, तुम्हीच अर्थ लावा."

मी वर्षभर तुलना करत होते. इतक्या झटपट मला कधी जमली नव्हती.

"बाळ कोणाचं?" हवालदाराने विचारलं.

"माझं," जौकला म्हणाली.

"मग यात काय झालं, काका?"

"मी कुठे काय म्हणतोय? परदेशी बाई नोंद नसलेली माणसं घरात ठेवते, एवढं कळवलं. उद्या काही झालं तर सोसायटीला विचाराल."

हवालदार पदमकडे वळला. "तुला माहीत होतं, बायको वर आहे?"

पदमने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दाजू नुसता खाकरला.

"नाही, साहेब," पदम म्हणाला. "मी तिला पंपाच्या खोलीत ठेवलं होतं. रोज डबा देत होतो."

कठड्यावरची माणसं आणखी वाकली.

"कुठे ठेवलं होतं?" महिला शिपायाने विचारलं.

"पंपाच्या खोलीत, मॅडम. अकरा दिवसच."

"बाळासकट?"

पदमने मान हलवली. ती उठली, पंपाच्या खोलीपर्यंत चालत गेली, दार ढकललं, आत बघितलं. परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"ऑफिसात," उकिडवे म्हणाले. "माझ्याकडे."

"म्हणजे तुम्ही दिलीत."

"मागितली त्याने. त्यांचा धर्माचा प्रश्न, आपण कशाला त्यात पडा?"

"म्हणजे बाळ कुठे आहे, ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"तिथे असायला हवं होतं," उकिडवे शांतपणे म्हणाले. "नव्हतं, म्हणून तर कळवलं."

मला ते वाक्य ऐकू आलं आणि समजलं नाही. मग समजलं. मी आजूबाजूला बघितलं. कोणीतरी काहीतरी म्हणेल असं वाटलं. वरच्या एका बाईने पदर तोंडाला लावला, तेवढंच. दोन मिनिटांनी सगळे पुन्हा होदानकडे बघायला लागले.

महिला शिपाई जौकलासमोर वाकली. "तू आपली आपण वर गेलीस, की हिने नेलं?"

जौकलाने दाजूकडे बघितलं. "हिने नेलं," ती म्हणाली. "उचलून."

शब्दन् शब्द खरा होता. मी माझ्या पायाने गेले नाही, एवढं दाजूला ऐकवायचं होतं तिला. हवालदाराने मात्र ते वहीत वेगळ्या कारणासाठी लिहून घेतलं. होदानचा चेहरा हलला नाही. ती नुसती वाकली आणि बाळाच्या तोंडावर आलेलं दुपटं बाजूला सारलं.

"आणि हे बघा." उकिडव्यांनी गेटवरची वही पुढे केली. "रोज दुपारी बावीस-बावीस माणसं. पदमने एकूण एक नाव टिपलंय. पोरगा इमानदार आहे, म्हणून तर ठेवलाय."

मी वही हातात घेतली. महिनाभराची पानं भरलेली. अब्दिरहमान, लिबान, मुख्तार, सगळी नावं बापाच्या नावासकट, शुद्ध. एकही जागा कोरी नव्हती. शुक्रवारी ज्या देवाणघेवाणीचं मी मनात कौतुक केलं होतं, ती झालीच नव्हती.

"तुला माहीत होतं, हा लिहितो ते?" मी होदानला हळूच विचारलं.

"त्याचं कामच आहे ते. मुलांची नावं त्याला येत नव्हती, मीच लिहायला शिकवली."

तेवढ्यात हवालदार माझ्याकडे वळला. "मॅडम, फॉर्म तुमचा. तुम्ही घरात गेला होतात. काय बघितलंत ते सांगा, म्हणजे मी तसं लिहितो आणि विषय मिटवतो."

हवालदाराने वहीचं पान उलटलं. मला ताप सांगता आला असता, ओली पोती, पेज, शेगडी सगळं. चार वाक्यांचं काम. पण मग फॉर्म उकिडव्यांकडे कसे गेले, हेही निघालं असतं.

"मी फक्त लिहून घेते," मी म्हणाले. "मत देत नाही."

हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य. हवालदाराने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं.

गुन्हा काही दाखल झाला नाही. महिला शिपायाने पदमला दम भरून जौकलाला आणि बाळाला जिन्याखालच्या खोलीत न्यायला लावलं. दाजूने खोलीबाहेर उभं राहून गोमूत्र शिंपडलं, आधी उंबऱ्यावर, मग जौकलावर. पोलीस गेल्यावर उकिडवे होदानला म्हणाले, "आता पत्राचं अवघड आहे, बाई. जिथे पोलीस येऊन गेले त्या घराला सोसायटी कसं पत्र देणार?"

मी होदानमागोमाग वर गेले. एक वाजत आला होता आणि भात लावायचा होता. ती तांदूळ निवडायला बसली, मीही बसले.

"तुला काय मिळणार होतं यात?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. असं न कळणं माझ्या वाट्याला फार कमी येतं.

"यासिन झाला तेव्हा मी तिकडे सोमालियात, किसमायोला होते," ती तांदळातून नजर न काढता म्हणाली. "माझ्याकडे आई, मावशी, जावा, सगळ्या होत्या. नवव्या दिवशी गोळीबार आमच्या गल्लीपर्यंत आला. बाळ पाठीला बांधलं आणि चालायला लागले. तेव्हापासून चालतेच आहे. चाळीसपैकी नऊच झाले, ताई. एकतीस राहिले. कोणाकडे मागू? म्हटलं, ही आली आहे, तर हिलाच देऊन टाकते." तिने एक खडा वेचून बाजूला ठेवला. "पाच दिले गेले."

मी तांदळात बोटं फिरवत राहिले.

"तू एक पत्र दे मला," होदान म्हणाली. "संस्थेच्या कागदावर. बाई आजारी होती, म्हणून हिने घरात घेतली, आणि ही याच पत्त्यावर राहते. तू डोळ्यांनी बघितलंस. सोसायटी देत नाही तर तुझं चालेल, नोंदणीतला साहेब तसं म्हणाला आहे."

"सरांना विचारते," मी म्हणाले.

सरांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. "आपण निरीक्षक आहोत," ते म्हणाले. "एका कुटुंबाला पत्र दिलं की उरलेल्या तीनशे फॉर्मांवर डाग लागतो." पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंच होतं. साध्या कागदावर, माझ्या सहीने लिहिता आलं असतं, तेही मी लिहिलं नाही. वीस तारखेपर्यंत होदानचे चार फोन आले. शेवटचे दोन मी उचलले नाहीत.

महिनाअखेर ती मुलांना घेऊन हैदराबादला लांबच्या नातेवाइकांकडे गेली. नवा पत्ता म्हणजे नवी नोंदणी, आणि नोंदणी खंडित झाली म्हणून कॅनडाची फाईल बंद. पुन्हा पहिल्यापासून. हे मला वर्षभराने तिच्याकडे जेवणाऱ्या एका मुलाकडून कळलं. त्याने माझ्यावर राग वगैरे काही धरलेला दिसला नाही. मी कोण, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

सरांचा निबंध पुढच्या उन्हाळ्यात छापून आला. होदानचा आणि पदमचा फॉर्म एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून रीतसर दोन्ही बाद केले होते. चौदाव्या पानावर निष्कर्ष आहे: या दोन समाजांमध्ये परस्परसंबंध आढळून आले नाहीत.

या वाक्यासाठी सरांना काही मोजावं लागलं नाही. उकिडव्यांनाही नाही, पदम आजही त्यांच्याच गेटवर आहे. जौकलाला बाळ वीस दिवसांचं असताना दाजूने बझांगकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. दोन बाद फॉर्मांचे माझे दोनशे वीस रुपये कापले गेले. बाकीचं सगळं होदानने भरलं: कोंढव्यातलं घर, बावीस जणांची खानावळ, फाईलची चार वर्षं, आणि इफ्राहचं सहावीचं वर्ष.